ज्वारीचे स्कोन

आमच्या घरात गव्हावर बंदी डॉक्टरांनी घातली आणि त्या बंदीविरुद्ध पहिलं बंड माझ्या सासूबाईंनी केलं.

मुलगी तेव्हा चौथीत होती. वर्षभर तिचं पोट दुखायचं, वजन वाढत नव्हतं, चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा सीलिअ‍ॅक आजार आहे. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नाही. यावर गोळ्या-औषधं नाहीत. गहू, मैदा, रवा, जव बंद, तेही जन्मभर. मी मान डोलावत राहिले. निघताना त्या म्हणाल्या, "और हाँ, बच्ची का तवा, छलनी, थाली, सब अलग रखिए. ज़रा-सा आटा भी लग गया तो तकलीफ़ होगी."

मी हुकूम पाळणारी बाई आहे. दुसऱ्याच दिवशी अमीनाबादच्या गर्दीत घुसून नवा तवा, नवी गाळणी, स्टीलची नवी ताटली, वाटी आणि पेला आणला. सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि सगळं वरच्या फळीवर वेगळं मांडलं. स्वतःवर मी भलतीच खूश होते. तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या.

"हे काय होय?"

"आई, ही तिची भांडी. आपल्यात मिसळायची नाहीत. आता तिची ताटली वेगळी."

"वेगळी?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "काहून वेगळी? पोट्टीनं काय पाप केलं?"

त्यांच्या रागाचं मूळ मला माहीत होतं. यवतमाळकडच्या त्यांच्या गावात, त्या लहान असताना, मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असे. त्या आणि त्यांची आई कामाला गेल्या की त्या कपात वरून चहा ओतला जाई. पिऊन झालं की कप आपणच विसळायचा आणि परत वळचणीला खोचायचा. घरच्यांनी धम्म स्वीकारला, पोरं शिकली, त्यांचा मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत लागून बदलीवर लखनौला आला, इंदिरा नगरात आमचं घर झालं. पण तो कप त्यांच्या डोळ्यांसमोरून काही हलला नाही. आणि इथे सून त्यांच्याच नातीसाठी ठिपका लावून वेगळी ताटली मांडत होती.

"माझ्या घरात वेगळी ताटली निघनार नाई," त्यांनी निकाल दिला. नुसता निकाल देऊन थांबल्या नाहीत. त्या दिवसापासून लाल ठिपक्याची ताटली त्यांनी स्वतःच्या जेवणाला घेतली आणि तिच्यात मजेत गव्हाच्या पोळ्या खाऊ लागल्या. मी ती घासून पुसून वर ठेवायची, त्या ती पुन्हा खाली काढायच्या. मी आतड्याच्या अस्तराचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं, चांगलं काढलं म्हणाल्या आणि त्याच ताटलीत पोळी कुस्करली. माझा राग नाकावर असतो, त्यामुळे त्या महिन्यात आमच्याकडे भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. नवरा "दोघीही बरोबर आहात" एवढं बोलून ऑफिसला पळायचा. असल्या माणसाला काय करायचं?

या भांडणात मुलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिला वेगळ्या ताटलीपेक्षा वेगळा डबा बोचत होता. कॉलनीत एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळी पोरं केकवर तुटून पडली होती आणि ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर मुरमुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. येणारा-जाणारा विचारत होता, "अरे बेटा, केक नहीं लिया?" घरी येऊन तिने डबा ओट्यावर आपटला. नंतर एक-दोन आमंत्रणं आली, तर पोट दुखतंय असं सांगून ती गेलीच नाही. आणि एप्रिल जवळ आला तशी ती मला म्हणाली, "मम्मा, इस बार जयंती में मैं नहीं आऊँगी. तुम लोग जाओ."

हे मात्र माझ्या काळजात रुतलं. इथे आमची विदर्भातून आलेली जी काही बौद्ध कुटुंबं आहेत, बँकेतली, रेल्वेतली, टपालातली, ती वर्षातून एकदा जयंतीला झाडून सगळी एका हॉलमध्ये जमतात. वंदना होते, भाषणं होतात, पोरं नाच-गाणी करतात आणि शेवटी मोठा केक कापतात. माझी मुलगी मराठी समजते पण बोलते हिंदी. तिला आपली माणसं म्हणजे काय ते कळण्याची ती एकच जागा होती, आणि तिथेच ती येत नव्हती. असं एकदा सुटलं की मुलं कायमची सुटतात, हे मी इतर घरांत पाहिलं आहे. तिला त्या हॉलमध्ये नेणं हे मग माझं एकमेव काम झालं.

उपाय तिनेच नकळत सुचवला. तिला मोबाइलवर परदेशी बायकांचे बेकिंगचे व्हिडिओ बघायचं वेड. एकीने बिनगव्हाचे स्कोन केले होते, बदाम-अक्रोड आणि चॉकलेट घालून. अंडं नाही, आंबवणं नाही, फेटणं नाही. थंड लोणी पिठात चोळायचं, दह्याने गोळा करायचा, जाड गोल थापून त्रिकोण कापायचे आणि भाजायचे. केकपेक्षा सोपं. त्या बाईचं पीठ कुठल्या तरी महागड्या पाकिटातलं होतं, पण मी मनात म्हटलं, ज्वारी आहे ना! आपल्या हाडातलं धान्य. नवऱ्याला बाजारात पिटाळलं.

नवऱ्याला आपल्या हिंदीचा फार अभिमान. दुकानात जाऊन तो ऐटीत म्हणाला, "भैया, ज्वारी का आटा." इथे ज्वारी खातं कोण? दुकानदाराला ऐकू आलं ते वेगळंच. "जौ का? अच्छा, जौ का!" नवऱ्याला वाटलं, लखनवी लोक लाडाने ज्वारीला जौ म्हणत असतील. "हाँ हाँ, वही," म्हणून तो पाकीट घेऊन आला. ते मी फ्रीजवर ठेवलं आणि रविवारी कात्री लावून पीठ थेट तिच्यासाठी आणलेल्या नव्या परातीत ओतलं. पाकीट काही वाचलं नाही.

लेकीने खलबत्त्यात अक्रोड ठेचले, सुरीने चॉकलेटचे तुकडे केले, त्यातले निम्मे खाल्ले. लखनौचा एप्रिल असा की लोणी फ्रीजमधून ओट्यावर येईपर्यंत घाम सोडतं, म्हणून आम्ही परातसुद्धा फ्रीजमध्ये थंड केली होती. ओव्हनमधून घमघमाट सुटला तेव्हा ती स्टुलावर गुडघे टेकून काचेतून आत बघत होती. किती तरी दिवसांनी ती मोठ्याने गात होती. सासूबाई दारातून नाक मुरडत म्हणाल्या, "हे तं रोडगंच होय." आमच्याकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे गोळे भाजतात, त्यांना रोडगे म्हणतात. रूप सारखंच होतं, हे मलाही मान्य करावं लागलं.

स्कोन बाहेर आले. लेकीने गरम गरम एक उचलून मोडला. तो चटकन तुटला नाही. किंचित ताणला गेला. मी जन्मभर भाकरी थापली आहे. ज्वारीचं पीठ असलं लाडात येत नाही, ते तुटतं, भुगा होतो, थापताना नाकी नऊ आणतं. मी पाकीट शोधून वाचलं. जौ म्हणजे जव. डॉक्टरीणबाईंनी गव्हाच्या जोडीला नाव घेऊन बंद केलेला जव. तुकडा तिच्या ओठाशी गेला होता. मी तो हिसकावून घेतला.

ती आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग सगळं ताट तिने ओट्यावरून ढकललं. "मुझे कुछ मत दो! कुछ भी मत दो! सबके घर में सब साथ में खाते हैं. एक मैं ही अलग हूँ!"

ती खोलीत जाऊन पलंगावर पालथी पडली. मी नवऱ्याला त्याच्या हिंदीसकट जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनी खाली बसून सगळे तुकडे गोळा केले, फरशी ओल्या फडक्याने पुसली, मग पुन्हा पुसली. मग मला विचारलं, "एवढासा तुकडाबी चालत नाई?" मी म्हटलं, "आई, पोळीचा चुरासुद्धा चालत नाही. तुमच्या ताटलीतला."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघर उलटंपालटं झालेलं. सगळे डबे धुऊन उन्हात पालथे घातलेले. पोळपाट, लाटणं, कणकेची परात गायब. रवा नाही, शेवया नाहीत, बिस्किटं नाहीत. कणकेचा भरलेला डबा सासूबाईंनी शेजारच्या घरी देऊन टाकला होता.

"आई, हे काय?"

"पोट्टीचं भांडं वेगळं काढू नोको," त्या पदराने हात पुसत म्हणाल्या. "गहू काढ घराबाहेर."

नवरा हे ऐकून दारातच थबकला. "पण आई, पोळी?"

"भाकर खा. तुझा बाप काय पोळ्या खाऊन मोठा झाला?"

यात त्यांनी काय सोडलं ते मला कळत होतं. त्यांच्या लहानपणी पोळी सणाला, तीही मोजकी. रोज ताटात गव्हाची मऊ पोळी येणं ही त्यांच्या हिशेबी साऱ्या संसाराची कमाई होती. ती कमाई त्यांनी एका दुपारी शेजाऱ्यांकडे पोचवली. माझ्याशी इतके दिवस भांडलेल्या त्या बाईच्या मी आयुष्यात पहिल्यांदा गळ्यात पडले. त्यांनी मला थोडा वेळ राहू दिलं आणि मग म्हणाल्या, "बास आता. गरम होते."

यानंतर नवऱ्याने तीन बाजार पालथे घातले. "ज्वार, भैया. जौ नहीं. ज्वार!" असं तो आता शाळेतल्या मुलासारखा घोकत जायचा. अखेर लखनौतल्याच कपूरथला भागातल्या बाजारात बिनग्लूटेनचा शिक्का असलेलं पीठ मिळालं. पहिल्या खेपेला स्कोनचा भुगा झाला. तो आम्ही चमच्याने दह्यात कालवून खाल्ला. मग मी थोडं तांदळाचं पीठ घातलं आणि धरून राहावं म्हणून नवऱ्याच्या पोटाच्या औषधातलं इसबगोल चमचाभर ढापलं. त्याने गोळा असा जमला की काय सांगू. वरून खरपूस, आतून भुसभुशीत, मध्येच अक्रोड दाताखाली आणि चॉकलेट वितळलेलं. लेक एक खाऊन थांबली, पोटावर हात ठेवून दोन दिवस वाट पाहिली. काही दुखलं नाही. तरी जयंतीचं विचारलं की मान हलवायची. घरात खाणं वेगळं, लोकांत खाणं वेगळं.

तेव्हा सासूबाईंनी फोन हातात घेतला. कार्यक्रम ठरवणाऱ्या बायकांना एकेक करून गाठलं. "यंदा केक नाई. यंदा आमच्या घरचे रोडगे." बायका म्हणाल्या, बच्चे केक माँगेंगे, आजी. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्यात चॉकलेट हाय. पोट्ट्यायले काय पायजे अजून?" एकीने सुचवलं, केकही ठेवू आणि तुमच्या नातीसाठी हेही ठेवू. त्यावर सासूबाई जे बोलल्या ते मी दाराआडून ऐकलं. "तिच्यासाठी नोको ठेवू. सगळ्यायसाठी ठेव. नाई तं ठेवूच नोको."

आदल्या दिवशी आमचा ओव्हन सकाळपासून तापला होता. कूलर बिचारा काय काय थंड करणार? सासूबाई पीठ थापत होत्या, नवरा अक्रोड फोडत होता, मी भाजत होते. लेक कापत होती. कापता कापता तिने विचारलं, "ये सब लोग यही खाएँगे? सच में?" आणि मग स्वतःच कपाटातून आपला पांढरा ड्रेस काढून इस्त्रीला टाकला.

हॉलमध्ये वंदना झाली, भाषणं जरा लांबलीच. पुरी-भाजीचं टेबल मी लांब भिंतीशी मांडायला लावलं होतं आणि स्कोनच्या टेबलापाशी सासूबाईंना पहाऱ्याला बसवलं होतं, दुसरा चिमटा इकडे येता कामा नये म्हणून. पोरांची रांग लागली. हातात कागदी बशा, ढकलाढकली, आरडाओरडा, आणि त्याच्या मधोमध माझी मुलगी. पुढच्या पोराला कोपर मारत होती, मागचीची वेणी ओढत होती.

तिचा नंबर आला. सासूबाईंचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. त्यांनी ताटातला सगळ्यांत मोठा, चॉकलेटने लडबडलेला तुकडा तिच्या बशीत ठेवला, लगेच दुसरा उचलला.

लेकीने बशी मागे घेतली.

"नहीं आजी. सबको एक-एक मिल रहा है," ती म्हणाली. "मुझे भी एक."

सासूबाईंचा हात तसाच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मागच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं, आणि भरल्या डोळ्यांनी हसल्या. "हाव," त्या म्हणाल्या आणि तो दुसरा तुकडा मागच्या मुलीच्या बशीत ठेवला.