आजाने आणलेलं इंजिन

आमच्या आजाला मी दुपारचा झोपलेला कधी पाहिलाच नव्हता. जेवला की तो ओटीवर बसायचा, तमाखूला चुना चोळायचा, "आता आडवा होतो जरा," म्हणायचा आणि आडवा व्हायच्या आधीच उठून वाडीत जायचा. त्याच्या या बोलण्यावर घरात कोणाचा विश्वास नव्हता. आई तर त्याच्यासाठी चटई पसरायचीही थांबली होती.

एडवणला आमची वाडी समुद्राच्या अंगाला अगदी शेवटची. तिच्यापलीकडे केवड्याचं कुंपण आणि मग वाळूच. वाडीत केळी होत्या, थोड्या सुपारी होत्या आणि सगळ्यात आत, त्यांच्या सावलीत, पानवेलींचा मळा होता. केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर ती तोंड पाडून उभी राहते, पण जगते. पानवेलीचं तसं नाही. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पाणी कमी झालं तर चालत नाही, जास्त झालं तरी रुसते. आजाचा सगळा जन्म या लाडावलेल्या बाईची मर्जी राखण्यात गेला. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, पण तो दमला होता. तरुणपणापासूनच दमला असावा असं मला वाटतं, फक्त ते बोलायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

पाणी रहाटाचं. विहिरीवर गाडग्यांची माळ लावलेलं मोठं लाकडी चाक, ते फिरवायला रेडा आणि रेडा थांबला की त्याला हाकायला आजा. सकाळभर दोघं गोल गोल फिरायचे. रेड्याच्या डोळ्यांना झापडं होती, आजाच्या नव्हती, एवढाच काय तो फरक. मी असं म्हटलं की आजा हसायचा आणि म्हणायचा, "त्याला बरं हाय बाय, त्याला वाटतं आपण कुटंतरी चाललोय."

साठीच्या दशकातली ही गोष्ट. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं होतं आणि आमच्या पट्टीतली तरणी माणसं तिकडे मजुरीला जायला लागली होती. माझे वडीलही गेले. बोईसरला चौघांत एक खोली घेऊन राहायचे, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे आणि तिथल्या कामगारांचं हिंदी ऐकून ऐकून आईला "जल्दी करो" म्हणायचे. आई त्यांना त्यावरून जेवण वाढताना मुद्दाम उशीर करायची. पण वडील गेल्यावर रहाटावरचा दुसरा हात गेला. रेडाही म्हातारा झाला होता. आजाला मग सकाळ पुरेना.

म्हातारी माणसं नव्याला नाकं मुरडतात असं म्हणतात. आमचा आजा उलटा निघाला. केळव्याला कोणाच्या तरी वाडीत त्याने विहिरीचं पाणी उपसणारं तेलावरचं इंजिन चालताना पाहिलं आणि घरी आला तो त्याच्याबद्दलच बोलत राहिला. वडील म्हणाले, "थोडं थांबू." आजा म्हणाला, "तू थांब. मी लई वर्सं थांबलोय." दिवाळी झाल्यावर बैलगाडीतून इंजिन आलं. आजाने त्याला हार घातला, नारळ फोडला, रहाटाचं चाक उतरवून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. रेडा विकला नाही. "त्यालाबी सुट्टी," म्हणाला आणि त्याला नुसता बसवून खायला घालू लागला.

आणि मग एका दुपारी मी ओटीवर आले तर आजा झोपलेला. तोंड उघडं, एक हात चटईच्या बाहेर जमिनीवर. मी घाबरून आईला हाक मारणार होते, तेवढ्यात आईनेच मागून माझ्या तोंडावर हात ठेवला. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत उभी राहिली. त्या दिवसापासून दुपारी आमच्या घरात भांड्याचा आवाज होईनासा झाला. माझ्या लहान भावाला खेळायला लांब पिटाळलं जाई. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती. म्हाताऱ्याची झोप राखायचं काम आईने आपल्या अंगावर घेतलं आणि खरं सांगते, त्या घरात मी सगळ्यात सुखी त्या वर्षात होते.

दुसऱ्या वर्षी डाळ शिजेना.

आईने आधी डाळीला नावं ठेवली. मग वाण्याला, मग ओल्या लाकडांना. चहात दूध घातलं की फाटायला लागलं तेव्हा ती विहिरीवर गेली, बादलीतलं पाणी ओंजळीने तोंडात घेतलं आणि थुंकली. आई माकुणसारची, थोडी आतल्या गावची. तिला पाण्याची चव लगेच कळायची. मला म्हणाली, "खारं झालंय. कुनाला बोलायचं नाय."

रहाट चालायचा तेव्हा रेडा दमायचा, आजा दमायचा, आणि ते विसावा घेत तेवढ्यात विहिरीलाही झरे भरून घ्यायला सवड मिळायची. इंजिन दमत नव्हतं. ते उपसत राहिलं, आसपासच्या वाड्यांतली नवी इंजिनंही उपसत राहिली, आणि गोड पाणी खाली गेलं तसा समुद्र आत सरकला. आमची वाडी शेवटची, म्हणून आधी आमच्याकडे आला. इतरांकडेही आला असणार. पण आपली विहीर खारी झाली हे कोण बोलणार? जो तो गप्प.

आजाला कळायचा प्रश्नच नव्हता. तमाखू-चुन्याने त्याची जीभ केव्हाच मेली होती. आमटीत मीठ पडलं की नाही हे तो आम्हाला विचारायचा. तरी आईने त्याच्या पोटात ते पाणी जाऊ दिलं नाही. देवळामागच्या विहिरीचं पाणी अजून गोड होतं. तिथून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आम्ही दोघी आणायला लागलो, आजा दुपारी झोपला की. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा, भर उन्हात, वाळूच्या रस्त्याने. मी एकदा चिडून म्हटलं, "सांगून टाक ना त्याला." आई म्हणाली, "म्हातारा आत्ता कुटं झोपायला लागलाय. त्याला उठवू?"

मी हंडा उचलला. 

मग पानवेलींच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. पान वेलीवरच तपकिरी होऊन आत वळायचं. आजाने सावली वाढवली. पेंड घातली. कोळीवाड्यातून मासळीचं खत आणलं, त्याचा वास आठवडाभर घरात राहिला. तरी वेली सुधारेनात, तेव्हा त्याला वाटलं पाणी कमी पडतंय, आणि तो इंजिन जास्त वेळ चालवू लागला. आई चुलीपुढे बसून तो आवाज ऐकायची. तिचा चेहरा अशा वेळी मला बघवत नसे. आजाची दुपारची झोप गेली. ओटीवर बसून तो आपल्याच हातांकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, "बाय, हात गेला माझा. हात लावीन ते मरतंय." ज्या झोपेसाठी आम्ही पाणी वाहत होतो ती तर गेलीच होती, पण आता सांगायचं कसं, हा नवा प्रश्न आईपुढे होता. लपवलेली गोष्ट जितके दिवस लपवावी तितकी जड होते.

आणि मग शेजारची म्हातारी आली. आजाच्याच वयाची, त्याला दादा म्हणणारी. ती मळा बघून आली आणि ओटीवर बसून म्हणाली, "दादा, ह्यो विटाळ हाय. घरात पोर मोटी झालीय तुमच्या."

आमच्याकडे पानमळ्यात पायताण घालून जात नसत आणि बाईमाणूस बाहेर बसलं असेल तेव्हा तिने त्या दिशेला पाऊलही टाकायचं नसे. मला कावळा शिवायला लागून वर्षही झालं नव्हतं. पण नियम मी एकदाही मोडला नव्हता. ते चार दिवस मी मागच्या पडवीत गोणपाटावर निमूट बसायची. बाकीच्या दिवशी मात्र मळ्यात आजाच्या बरोबर मीच असायची. माझी शाळा केव्हाच सुटली होती. तो पानं खुडायचा, मी लावून करंडीत भरायची. तो कमी बोलायचा, मी जास्त. वडील बोईसरला गेल्यापासून मला त्या घरात माझं असं जे काही होतं, ते तेवढंच होतं.

 त्या रात्री जेवताना, ताटातून मान वर न करता, आजा आईला म्हणाला, "बायला सांग, थोडे दिस मळ्यात नको येऊ." मी समोरच बसले होते. मला सांगायला त्याला आईची गरज का पडावी? मला असा राग आला की मी पुढे दिवसच्या दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो राग अजून कुठेतरी आहे. म्हातारी होऊनही माणूस काही गोष्टी सोडत नाही.

आईने तरीही लगेच तोंड उघडलं नाही. तिची पाण्याची फेरी चालूच होती, मी मात्र सोबतीला जाणं बंद केलं. ती एकटी दोनदा जायची.

मग माझे बाहेर बसायचे दिवस आले. मी पडवीत होते. आजा पेंडीची टोपली घेऊन मागच्या बाजूने मळ्याकडे निघाला होता आणि शेजारची म्हातारी नेमकी तेव्हाच आली. मला पाहून म्हणाली, "ही बसलीय आज. काल गेलती काय मळ्यात, इचारा तिला."

आजा थांबला. माझ्याकडे बघितलं. तो नुसता पुढे निघून गेला असता तर बरं झालं असतं. पण म्हणाला, "बाय, गेलती काय तू?"

 कोणी मला मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आई हातातलं टाकून बाहेर आली. सासऱ्यासमोर ती कधी मोठ्याने बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. "मामा," ती म्हणाली, "इहिरीचं पानी खारं झालंय."

"कवापासनं?"

"शिमग्याच्या आदीपासनं."

"आन मी पितो ते?"

"ते देवळामागचं. आमी दोगी आनतो. तुमी झोपता तवा."

म्हातारी तिथूनच चालती झाली. आजा तिथेच उभा राहिला. आईला वाटलं तो ओरडेल, निदान का लपवलंस म्हणून विचारेल.  त्याने टोपली खाली ठेवली आणि तो मळ्याकडे गेला. थोड्या वेळाने इंजिन बंद झालं. इतके महिने त्या आवाजाची सवय झाली होती की बंद झाल्यावर मला पलीकडचा समुद्र ऐकू यायला लागला.

पुढचं इथेच सांगून टाकते. इंजिन विकलं. पाऊस विहिरीला थोडं गोड पाणी देऊन जायचा, पण शिमग्यापर्यंत पुन्हा तेच. केळी काही वर्षं तग धरून राहिल्या. पानमळा पुन्हा लागला नाही. आजाला पुढे भरपूर वेळ मिळाला, सगळी दुपार मिळाली, आणि ती त्याला कशी घालवायची ते शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांनी त्याला बोईसरला नेला, तिथून तो चार दिवसांत परत आला. तो गेला तेव्हा गावातली माणसं म्हणाली, सुटला. मला तो शब्द आवडला नाही, पण खोटा होता असंही म्हणवत नाही.

पण त्या दिवशीचं राहिलं.

इंजिन बंद झाल्यावर बराच वेळ गेला. मग आजा परत आला, तो ओटीवर न जाता पडवीत आला आणि माझ्या गोणपाटावर, माझ्या शेजारी बसला. मी दचकून सरकले, कारण त्या दिवसांत मला कोणी शिवायचं नसे. त्याने हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. हाताला पेंडीचा आणि तेलाचा वास येत होता. "मी इचाराय नको होतं," म्हणाला. एवढंच. मग माझं मनगट धरून उठवलं. "चल. वेली उतरवायच्या हायत. एकट्याच्यानं नाय व्हनार."

मी म्हटलं, "आजा, मी बसलेय." तो म्हणाला, "ठावं हाय मला."

आम्ही दोघं मळ्यात गेलो. तो वरची बांधणी सोडत गेला, मी खाली वेलींची वेटोळी करत गेले.  मळ्यात येणारं ऊन मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काम संपेपर्यंत दिवस कलला आणि आजाला नीट उभं राहवेना.

घरी आलो तर आईने हंड्यात पाणी तापवून ठेवलं होतं, दोरीवरचं धुतलेलं धोतर काढून ठेवलं होतं. मला शिवल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवण नाही हे सांगायची गरज नव्हती. आजाने हंड्याकडे पाहिलं. हात-पाय धुतले, तसाच आत जाऊन आपल्या पाटावर बसला आणि मला हाक मारली. मी पडवीच्या दारातच उभी होते. त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा चिडून, दमलेलं माणूस चिडतं तसा.

आई हातात पळी घेऊन क्षणभर उभी राहिली. मग तिने माझं ताट आत आणलं आणि त्याच्या ताटाला लागून मांडलं.