दौलतरावांची शब्दवही आणि रस्त्याकडची खोली

कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या सागवानी फळ्यांची चार कपाटं, एक लांब मेज, तीन बाकं आणि तीनशे चौदा पानांची शब्दवही. दौलतरावांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंची ही यादी मी मोजून लिहिली आहे. बाकं चार होती असं काहीजण सांगतात, ते चूक आहे.

मुकुटबनला त्यांनी आपल्या घराची रस्त्याकडची खोली वाचनालयाला दिली. तिथं मी प्रथम गेलो तो स्वतः बांधलेलं पुस्तक घेऊन. माझी शाळा सातवीत सुटली. जुनी पुस्तकं उसवून बांधणी शिकलो, त्याचा तोरा होता. दौलतरावांनी पुस्तक उलटून पाहिलं.

"याले तार काहून टोचली गा?"

"लवकर होते जी."

"ताडाची पानं दोऱ्यात ओवून गाठ मारत, म्हणून ग्रंथ. तुह्या पुस्तकाले गाठच नाई. उसव!"

मी उसवलं. मेण लावलेला सुताचा दोरा त्यांनीच ओवून दिला. त्यानंतर माझ्या हातून एकाही पुस्तकाला तार लागलेली नाही.

पुस्तक परत करणाऱ्याला ते एक शब्द देत. जिल्द म्हणजे अरबीत कातडं. शाई आली फारसीतल्या काळेपणातून. कपाट म्हणजे संस्कृतात दार. खात्री झालेला शब्द वहीत शाईनं, न झालेला पेन्सिलीनं. सत्तेचाळीस शब्द आजही पेन्सिलीतच आहेत. विद्वत्ता म्हणतात ती हीच.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली आणि वाचक येईनासे झाले. खोली राहते की जाते, अशी वेळ. खरेदी केंद्रावर बैलबंड्या चार-चार दिवस रांगेत उभ्या असत. दौलतराव पुस्तकांची थैली घेऊन त्या रांगेतच शिरले.

"दौलतभाऊ, शब्द नोका सांगू, भाव सांगा!" एकानं टोमणा मारला.

"भाव माह्या हातात नाई गा. पुस्तक हाय, घे. रांग सरेपर्यंत वाच."

रांग हसली, पण थैली रिकामी झाली. हंगामात एकोणचाळीस पुस्तकं गेली होती, हंगाम सरल्यावर एकोणचाळीस परत आली; आणि आणणाऱ्यांतले निम्मे सभासद झाले. आज खोलीत बसायला जागा पुरत नाही!

पंचाहत्तरी गाठलेल्या दौलतरावांना निरोगी शंभरी लाभो, आणि पेन्सिलीतला शेवटचा शब्दही त्यांच्याच हातून शाईत उतरो. एक नोंद मात्र त्यांनी स्वतः कधी केली नसती, म्हणून मी करतो. त्याच हंगामात, घरची कपाशी बुडालेली असताना, एका बियाणे-विक्रेत्यानं दुकानासाठी ती खोली रोखीनं मागितली. दौलतराव नाही म्हणाले. रक्कम होती दोन लाख चाळीस हजार रुपये.