भिवईतली कडी

शाळेच्या फाटकावरच्या शिपाईबाईंना मुलं पाठीमागे ‘भिंगमावशी’ म्हणत. चष्मा जाड, आणि काम तसंच: रोज सकाळी प्रत्येकाचे कान, नाक, नखं, केस तपासायचे. नियमाबाहेरचं जे सापडेल ते काढून घ्यायचं, पाकिटावर नाव लिहून ठेवायचं आणि सुटताना परत द्यायचं. मावशी दिसल्या की हसणारी पोरंही गप्प होत.

मावशींचं लग्न झालं नव्हतं. भावाकडे राहत होत्या. भावाची बदली झाली तेव्हा ‘चल’ असं कोणी म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तेव्हापासून इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत एकट्याच. सुट्टीच्या दिवशी कधी कधी दिवसभरात तोंडातून एक शब्दही निघत नसे.

नववीत एक नवी मुलगी आली. डाव्या भिवईत बारीक कडी.

“काढ.”

मुलगी वाद न घालता काढू लागली. कडी सहज निघेना, रक्ताचा थेंब आला. मावशींनी कापूस दाबून धरला.

संध्याकाळी मुलगी पाकीट हातात घेऊन तिथेच उभी राहिली. भोक सुजलं होतं, कडी परत जाईना.

“बुजू दे की,” मावशी म्हणाल्या. “एवढं काय अडलंय?”

मुलीनं कडी पाकिटात परत टाकली. मग म्हणाली, “आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे बघत नाहीत. मी अगदी तिच्यासारखी दिसते ना. ताट वाढतात तेही मान खाली घालून. ही घातली त्या दिवशी बघितलं. खूप रागावले, पण बघितलं.”

मावशींनी पाणी गरम केलं, मीठ टाकलं, भिवई शेकून दिली. दुसऱ्या दिवशी, भोक बुजू नये म्हणून, घरून नायलॉनचा पारदर्शक दोरा आणला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन्ही टोकं पेटत्या काडीवर बोथट केलेली. सकाळी कडी निघे, दोरा जाई. संध्याकाळी दोरा निघे, कडी जाई. मुलगी दहा मिनिटं आधी येऊ लागली. काल स्वप्न काय पडलं, भूगोल का आवडत नाही, असलंच काहीतरी सांगायची. मावशी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवत, उद्या हिला काय विचारायचं.

हे चार महिने चाललं. मग ओळखपत्राच्या फोटोत तो दोरा चमकला. मुख्याध्यापिकाबाईंनी मुलीला परोपरीनं विचारलं, तिनं तोंड उघडलं नाही. मावशी आपणहून आत गेल्या.

“मीच घातला.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मावशी, नियम मीही केलेला नाही. पण कुंपणानंच शेत खाल्लं तर मी काय करायचं?”

मावशींना वरच्या मजल्यावर जुन्या कागदांच्या दप्तरखोलीत पाठवलं. मुलीच्या बाबांना बोलावलं. ते आले, पूर्ण वेळ टेबलाकडे बघत बसले आणि महिनाअखेर त्यांनी मुलीला आत्याच्या गावच्या शाळेत घातलं. निरोप घ्यायला ती वर आली होती म्हणे. मावशी तेव्हा शाळेचं टपाल टाकायला पोस्टात गेल्या होत्या.

पुढच्या वर्षी पालकसभेत बरीच चर्चा झाली आणि नियम सैल झाला. बारीक कड्या, खडे, सगळं चालेल. बाईंनी मावशींना मोठ्या मनानं फाटक परत दिलं. तपासायचं काहीच उरलं नव्हतं. घंटेच्या आधी मुलं लोंढ्यानं आत शिरत, कानात, नाकात, एकाच्या तर ओठातही काहीबाही लुकलुकत असे. मावशींसमोर थांबायचं कोणाला काही कारण नव्हतं. रोज सातशे चेहरे समोरून जात आणि एकही वळत नसे.

पंधरा दिवसांनी मावशी बाईंकडे गेल्या.

“मला वरची खोलीच द्या परत.”

“का हो? इथे माणसांत असता.”

“तिथे कोणी येणार नाही हे आधीच ठाऊक असतं,” मावशी म्हणाल्या.

निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं, त्या वरच होत्या.