पावणेसातचे थेंब

शॉवरखाली उभा राहिलेला माणूस नुसता भिजतो, त्याची अंघोळ होत नाही, असे माझे मत होते आणि ते मी सिंगापूरलाही सोबत नेले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पुण्यातल्या नोकरीतून दीर्घ रजा घेऊन मी तिथे शिकायला गेलो होतो. त्याला आता दहाएक वर्षे झाली. बोना व्हिस्टाजवळच्या विद्यार्थी-निवासात चौथ्या मजल्यावर मला खोली मिळाली होती, स्वतंत्र बाथरूमसह. बाथरूमच्या कोपऱ्यात शॉवरसाठी काचेची एक अरुंद जागा होती आणि पाणी जाण्याची जाळी तेवढ्या काचेच्या आतच होती. बाहेरची फरशी कोरडी राहील, असे बांधणाऱ्याने गृहीत धरले होते.

मी दुसऱ्याच दिवशी लाल बादली, मग आणि एक बुटके प्लास्टिकचे स्टूल विकत आणले. स्टूल, बादली आणि मी, यांपैकी काचेच्या आत एका वेळी दोघेच मावत. म्हणून मी बाहेरच्या फरशीवर बसून अंघोळ करू लागलो आणि साचलेले पाणी नंतर फडक्याने टिपून घेऊ लागलो. टिपण्याआधी त्यातले किती पाणी कुठे जाते, याचा विचार मी केला नाही.

महिन्याभराने खालच्या खोलीतली मुलगी वर आली. ती मलेशियातल्या पेनांगची होती, पीएचडीच्या अखेरच्या टप्प्यात; प्रबंध सादर करायला थोडेच आठवडे उरले होते. तिच्या टेबलावर छतातून पाणी गळत होते. तक्रार करण्याऐवजी तिने थेंबांखाली प्रयोगशाळेतले मोजपात्र ठेवून बारा दिवस निरीक्षण केले होते. आलेखाचा कागद तिने माझ्यापुढे धरला. रोज पावणेसातला सुरुवात. रविवारी आठला, आणि पाणी जवळपास दुप्पट. रविवारी मी अंगाला तेल लावून न्हात असे. माझ्या दिनचर्येकडे इतक्या काळजीने कोणी पाहिल्याचे मला स्मरत नाही.

"अंकल, पावणेसातला तुमच्याकडे काय चालू असतं?" तिने इंग्रजीत विचारले.

"माझ्याकडे काही नाही. इमारतीचा पंप असेल."

"आणि रविवारी पंप उशिरा उठतो?"

"रविवारचं वेळापत्रक वेगळं असू शकेल," मी म्हणालो. तिने तेही लिहून घेतले.

उत्तर त्याच क्षणी मला ठाऊक होते. पण वर्गातली पोरे ज्याला अनुभवी म्हणून मान देत, तो गृहस्थ सकाळी बुटक्या स्टुलावर बसून अंगावर मग ओततो, हे सांगण्याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी बदल केला. अंघोळीची पद्धत बदलली नाही, वेळ बदलली. एक दिवस दुपारी बाराला, एक दिवस चारला, एक दिवस सकाळी दहाला, एक दिवस संध्याकाळी सहाला.

"आज दुपारी अंघोळ? बरं नाही का तुम्हाला?" पुण्याहून बायकोने फोनवर विचारले.

"सकाळी लेक्चर होतं."

"अहो, मग तो शॉवर काय शोभेला आहे?"

"बघतो," मी म्हणालो.

शेवटी तिने निवासाच्या ऑफिसात कळवले आणि चौथ्या दिवशी प्लंबर आला. त्याने काचेच्या आत निळ्या रंगाचे पाणी ओतले. ते जाळीतून मुकाट्याने गेले आणि खाली काही गळले नाही. तिच्या आलेखातही आता कसली संगती उरली नव्हती. तेव्हा पाइप स्लॅबमध्येच फुटला असावा, असे ऑफिसने ठरवले. छत फोडायचे आणि तिने दूरच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला लिफ्टमध्ये भेटली. हातात रिकामी खोकी होती.

"माझी मोजणीच चुकली, अंकल," ती म्हणाली. "आधी वाटलं तसं काहीच नव्हतं. आता प्रबंधातले आकडे पुन्हा तपासतेय. चार दिवस तेच चाललंय."

"प्रबंधाचा काय संबंध?"

"मोजणारी मीच ना? इथं चुकले, तर तिथं चुकले नसेन कशावरून?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिसऱ्या मजल्यावर ती उतरली. मी वर गेलो नाही; त्याच लिफ्टने खाली ऑफिसात गेलो आणि तिथल्या बाईंना सांगितले की गळतीचे कारण माझी अंघोळ आहे.

"अंघोळीनं कसं गळेल, अंकल? सगळेच करतात लाह," तिथल्या बोलण्यातले 'लाह' शेवटी जोडून त्या म्हणाल्या.

समजावून सांगता येईना. अखेर दुपारी विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून मी स्टुलावर बसलो. दारात त्या बाई आणि प्लंबर उभे होते. खालच्या खोलीतून ती मुलगी फोनवर होती. मी सवयीप्रमाणे मग ओतू लागलो. सातव्या मगाला फोनमधून आवाज आला, "आलं."

"रोज पूर्ण बादली?" प्लंबरने विचारले.

"रविवारी दोन," मी म्हणालो.

कमोडच्या बुडाशी फरशीत एक बारीक भेग होती. त्याने ती तासाभरात बुजवली. छत वाचले, तिचे जाणेही रद्द झाले.

संध्याकाळी मी क्षमा मागायला खाली गेलो. पंपाचे खोटे कबूल केले आणि त्या चार दिवसांतल्या वेळाही सांगितल्या. तिने आलेख आणला आणि मला उभेच ठेवून एकेक वेळ आपल्या खुणांशी ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं."

तिने कागदाची घडी घातली. "चार दिवस, अंकल," ती म्हणाली.

गळलेल्या पाण्याबद्दल काय बोलायचे ते मी जिन्यात ठरवून आलो होतो. या चार दिवसांबद्दल काही ठरवले नव्हते. प्रबंध वेळेत सादर झाल्याचे पुढे तिनेच सांगितले; ते सांगतानाही मला अंकल म्हणाली.

तेव्हापासून मी शॉवरखाली उभा राहतो, पावणेसातला. मत बदललेले नाही.