पिंपं घेऊन मुरबाडच्या हळदीला

आटगाव स्टेशनबाहेर चहा पिता पिता गण्याने सांगून टाकलं, "शनिवारची हळद वाजवतो. रविवारपासून मी बेंजो पार्टीत." आणि हे सांगताना त्याने माझा पण चहा पिला. म्हणजे दोन्ही धक्के एकदम.

तुमाला आमी म्हायती नसणार, म्हणून सांगतो. आमी तिघं. सपना, जी शहापूरला झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि मशीन खटखटली की त्याच्यावर पण ठेका धरते. गण्या, आमचा ढोल. आणि मी, निळी प्लॅस्टिकची पिंपं आणि रंगाचे डबे. सपना लोखंडी पाइप आणि लाकडाची फळी वाजवते, आणि सगळं बसवते पण तीच. लग्नात नाचवणाऱ्या बेंजोवाल्यांसारखी गाणी नाय, कॅसिओ नाय, नुसता ठोका. गण्या गेला तर उरतं भंगारचं दुकान.

गण्याचं म्हणणं एकच, "आपल्यावर कोण नाचत नाय." ते खरं हाय. मागं एका शाळेच्या हॉलमध्ये वाजवलं, तर लोकांनी मांडी घालून टाळ्या वाजवल्या. गण्याला तो अपमान वाटला. शेवटी त्याने अट घातली, हळदीत सपनाच्या 'झोडणी'वर एक जरी माणूस नाचला तर राहतो.

मी बोललो, "मी नाचतो की."

"तू माणसात येत नाय," गण्या बोलला.

'झोडणी' म्हणजे भात झोडायचा आवाज. पेंढी फळीवर आपटतात, धप, धप, धप, मग झटकायला हात थांबतो. सपनाने ती थांबायची जागा चांगली लांबवलीय. तेवढ्यात माणूस मोबाईल काढून, बघून परत खिशात ठेवेल. प्रॅक्टिसला गण्या तिथं दरवेळी आधीच घुसायचा आणि सपना दरवेळी पाइप त्याच्या पायावर ठेवायची.

हळद सपनाच्या मावसभावाची. मुरबाडच्या पुढं, म्हसा रोडला आत. माझ्या मामाचा छोटा हत्ती टेम्पो घेतला, मागं पिंपं बांधली आणि शनिवारी सकाळी निघालो. शहापूर बाजारात ढोलाला दोरी घेतली, तीन कलिंगडं घेतली, मग किन्हवलीवरून सरळगाव. तुमी जाणार असाल तर उन्हाच्या आत निघा. मधी खड्डे हायत, पण बाजूची झाडं मस्त. एसटीने पण जाता येतं, फक्त पिंपं घेऊन कंडक्टर चढू देत नाय. आमी करून बघितलंय.

सरळगावच्या नाक्यावर हवालदाराने थांबवलं. "पिंपात काय?"

"आवाज, साहेब."

सपनाने मला कोपर मारलं. हवालदार गंभीर होऊन बोलला, "काढून दाखव." मग भर उनात, रस्त्याच्या कडेला वाजवलं. साहेबांनी पूर्ण ऐकलं आणि बोलले, "जा, आवाज कमी न्या."

मुरबाडला ट्रेन नाय, त्यामुळं स्टँडवर कोण धावत नाय, निवांत खाता येतं. वडापाव आणि लिंबू सरबत घ्याच, तिघांचं मिळून शंभरात भागलं. मी वडेवाल्याला हळूच सांगितलं की गण्या नवरदेव हाय, आजच हळद. त्या माणसाने गण्याला बायकोपुढं कसं गप ऱ्हायचं ते समजावलं आणि एक वडा फुकट दिला. तो मी खाल्ला.

म्हसा रोडवरून आत वळलो तर मांडव लांबूनच दिसला. नवरदेवाचा काका पिंपांभोवती एक चक्कर मारून आला. "बेंजो कुठाय?"

"हाच," सपना बोलली.

"ह्यात पाणी भरायचं काय?"

संध्याकाळी सुरू झालो. पयले दोन साधे ठेके दिले, पब्लिक पेटली, काका तर टॉवेल फिरवत नाचला. मग सपनाने मान हलवली आणि 'झोडणी' लागली. लोकांनी पाय उचलले, पाय कुठं टाकायचा ते कळंना, परत खाली ठेवले. काका उभा ऱ्हायला. गण्याने माझ्याकडं बघितलं, म्हणजे रविवारचं पक्कं.

मग आली ती थांबायची जागा. तिघांचे हात वर. आणि हिरूबाई गायला लागली.

हिरूबाई म्हणजे त्या गावची धवलारीण, लग्नात देवांना मांडवात बोलवायची गाणी म्हणणारी. बिचारी कधीची वाट बघत बसलेली, की ह्यांचं कधी संपतंय. तिला वाटलं, संपलं. आणि आमच्या भागात हे गाणं, म्हणजे धवला, एकदा सुरू झाला की कोण तोडत नाय. काकाने तोंडावर बोट ठेवलं. हळदीत शांतता ठेवायची अक्कल आमच्याशिवाय कोणाला सुचली असती?

गाण्यात एकेक देव यायला लागला. गावचे, वेशीवरचे, डोंगरावरचे. एवढे देव हायत हे आधी कळलं असतं तर मी बसून वाजवलं असतं. मी हळूच हात खाली घेऊन नाक खाजवलं, तर हिरूबाईने गाता गाता डोळे वटारले. सपना डोळे मिटून उभी. गण्याच्या काठ्या मात्र तशाच वर. घाम कोपरातून गळत होता, पण हा बाबा हलला नाय. हिरूबाईच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला.

तिने शेवटची ओळ सोडली, आणि तिचा श्वास जिथं संपला तिथंच गण्याची काठी पडली. ना मोजणी, ना इशारा. माझे हात आपोआप गेले. सपनाच्या फळीचा असा आवाज मी त्याच्या आधी कधी ऐकला नव्हता. हळद लावणाऱ्या बायका हात नवरदेवाच्या गालावर ठेवून तशाच थांबल्या. तो बिचारा पिवळा होऊन ऐकत बसला.

कोण नाचलं नाय. एक पण नाय.

संपल्यावर काका बोलला, "ह्याच्यावर नाचायचं कसं?"

हिरूबाई त्याच्याकडं न बघता गण्याला बोलली, "पोरा, तुझ्यासारखा माझा दादला थांबला असता ना, तर अर्धी भांडणं वाचली असती."

मग काकासाठी नाचायचं वाजवलं, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी पोटभर हाणली आणि अंगणातच आडवे झालो. जायचंच तर असं आवतण मिळवून जा. लॉजपेक्षा अंगण बरं, मच्छर तेवढे सोसायचे.

रविवारी परत निघालो. गण्याची अट सगळ्यांना म्हायती होती. सपना खिडकीबाहेर बघत होती. मी दोन जोक मारले, दोन्ही वाया गेले.

आटगावला माझ्या घरासमोर गाडी लावली आणि गण्याचा फोन वाजला. बेंजोवाला शेठ.

"नाय शेठ, नाय येत," गण्या बोलला. "पैशाचं नाय वो... तुमचं सगळं भारी हाय. पण तुमच्यात थांबतच नाय कोण."

सपनाने ऐकलं नसल्यासारखं पाइप मोजले. मग बोलली, "मी तर ती जागा कमी करणार होती. लोकांना जड जाते."

"हात लावायचा नाय त्या जागेला," गण्या बोलला. "उलट वाढव."

"वाढव? तिथंच तर तू कायम आधी घुसतोस!"

"कालपर्यंत."

झालं. किती वेळ वाजवायचं नाय ह्याच्यावर दोघं ओट्यावर भांडत बसले, आणि सगळी पिंपं मी एकट्याने उतरवली.