बोट मी दाखवलं होतं

राज्याच्या सीमेवर, राजेगावच्या नाक्यावर मी चहा घेत होतो तेव्हा प्रशीलचा फोन आला, आणि मी तो उचलला नाही. गोंदियाला एका राइस मिलवाल्याकडे निघालो होतो. बाकावर ठेवलेला फोन थरथरत कडेकडे सरकत होता, पडद्यावर त्याचं नाव. मागचे कित्येक आठवडे मी त्याचे फोन असेच वाजू देत होतो. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. टपरीवाला म्हणाला, "साहब, किसी का अर्जेंट होगा." मी मान हलवली आणि चहा संपवला. मग दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, आमच्या एका शाळासोबत्याचा. "कुठं आहेस बे तू? प्रशील गेला. ग्राउंडवरच गेला. वहिनी कवाची त्याच्याच फोनवरून तुले लावून राह्यली..." म्हणजे तो मघाचा फोन करुणाचा होता. नवऱ्याच्या शेजारी मातीत बसून ती मला बोलावत होती, आणि मी कपाच्या तळाशी उरलेली साखर बघत होतो.

प्रशील मेश्राम पिचर होता. बेसबॉल म्हटलं की अजूनही लोक "क्रिकेटसारखंच ना काहीतरी" असं विचारतात, म्हणून थोडं सांगतो. पिचर चेंडू फेकतो. फलंदाजामागे उकिडवा बसून तो पकडतो तो कॅचर, आणि तो मी होतो. आमच्या शाळेत नागपूरकडून आलेल्या पीटीच्या मास्तरांनी एक जुना संच आणला आणि आम्हाला दोघांना जोडीनं उभं केलं, एवढीच सुरुवात. चेंडू कसा टाकायचा हे कॅचर ठरवतो. मांड्यांच्या आड हात धरून तो बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा. पिचरला ते पटलं नाही तर त्यानं मान हलवायची असते. प्रशीलनं कधीच हलवली नाही. चेंडू मांडीवर घासायचा, माझ्या बोटांकडे बघायचा आणि टाकायचा. एकदा माझी चूक झाली, फलंदाजानं चेंडू पार कुंपणापलीकडे धाडला, सामना गेला. परत येताना मी म्हटलं, "तुले दिसत होतं ना, तो वळणाऱ्याचीच वाट पाहून राह्यला होता?" तर हसून म्हणाला, "हौ, दिसत होतं. पण बोट तुह्यं होतं ना."

पुढे माझे गुडघे गेले आणि मी लोकांची आयकराची रिटर्नं भरायच्या धंद्यात शिरलो. इथं ते काम करणाऱ्याला सगळे वकीलसाहेबच म्हणतात, मी वकील नसलो तरी. प्रशील मात्र खेळत राहिला. विद्यापीठ, राज्य, मग देशाचा संघ. आणि खेळाडू म्हणून वय उतरणीला लागलं असताना परदेशातल्या एका लहानशा व्यावसायिक संघानं त्याला करारावर घेतलं. काही हंगाम तो तिकडे गेला. वर्षातले थोडे महिने तिथं, बाकी इथं, बूढी मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या घरी. परतला की बॅग टाकून आधी माझ्या ऑफिसात यायचा. "वकीलसाहेब, तिकडं तर पगारातूनच टॅक्स कापून घेतात म्हणे. इथं काय करायचं? मले काही समजत नाही त्यातलं. तू सांग कुठं सही करू."

मी सांगितलं. आता ते इथं लिहितो, कारण हे लिहायला मला फार उशीर झाला आहे.

आमच्या भागात धान सगळं झाकतं. ज्याच्याजवळ हिशेबात न बसणारा पैसा असतो त्याच्या रिटर्नमध्ये आम्ही शेतीचं उत्पन्न वाढवून टाकतो. त्यावर कर नाही, कोणी विचारत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललंय. प्रशीलच्या वडिलांची लालबर्र्याच्या रस्त्याला थोडी जमीन होती. त्या एवढ्याशा तुकड्यात मी कागदावर इतकं धान पिकवलं की खरोखर पिकलं असतं तर ठेवायला घर पुरलं नसतं. तिकडचा पगार दाखवला नाही. तिकडचं बँकखातं दाखवलं नाही. खरं सांगतो, सरळ भरलं असतं तर त्याला इथं फारसं काही द्यावंच लागलं नसतं. तिकडे कापलेला कर इथं वजा मिळतो, त्याचा एक अर्ज असतो, बस. तो अर्ज मी कधी भरला नव्हता, मला तो येत नव्हता, आणि येत नाही असं त्याच्यासमोर म्हणायची लाज वाटली. वर्षानुवर्षं जे करत होतो तेच केलं. एक बोट दाखवलं. त्यानं सही केली.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. आमच्या धंद्यात पक्षकाराच्या आयकर पोर्टलवरच्या खात्यात मोबाईल आणि ई-मेल आम्ही आमचाच टाकतो. मिलवाले, ठेकेदार, मास्तर, सगळ्यांचा. कोण त्यांच्या मागे ओटीपी मागत फिरणार? त्यामुळे पहिली नोटीस आली ती माझ्या फोनवर. परदेशातल्या बँकांची माहिती हल्ली इकडे येते, तशी त्याच्या खात्याची आली होती. मी ती वाचली आणि फोन उलटा ठेवला. उत्तर द्यायचं तर खोटं धान कबूल करायचं, आणि मग माझी बाकीची रिटर्नंही उघडायची... मी काहीच केलं नाही. दुसरी आली. मग सुनावणीची तारीख आली, गेली. पाठोपाठ कर आणि दंड भरायचा आदेश आला. त्या काळात प्रशील रोज सकाळी ग्राउंडवर पोरांना शिकवत होता, संध्याकाळी माझ्याकडे चहाला येत होता, आणि टेबलावर त्याच्यासमोर तो फोन मधूनच उजळायचा. "कोणाचा आहे बे इतका मेसेज? दुसरी केली का काय म्हातारपणी?" तो विचारायचा. मी हसायचो.

मग छातीत दुखायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑपरेशन लवकर करून टाका. पैसे काढायला तो बँकेत गेला, मी सोबत होतो. काउंटरवरच्या माणसानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मेश्रामजी, खाते पर रोक है. इनकम टैक्स वालों की." रांगेतली माणसं वळून बघू लागली. प्रशीलनं माझ्याकडे पाहिलं. पूर्वी चेंडू टाकण्याआधी बघायचा, अगदी तसंच. मी म्हटलं, "काही नाही, कागदाची गडबड असेल. मी पाहतो." बाहेर येऊन तो म्हणाला, "बरं. मग ऑपरेशन थोडं समोर ढकलू." मी पैसे देऊ केले, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू दे, तू मोकळं करून देशीलच ना." त्यानंतर मी त्याचे फोन उचलणं बंद केलं.

वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर तो वाचला असता का, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारून पाहिलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पुष्कळ माणसं बोलली. एक जण म्हणाला, खेळाडू मोठा होता, पण पैशाच्या बाबतीत चुकला, असो. मान खाली घालून काही जणांनी हुंकार भरला. मी दुसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टात बसून होतो. करुणा मागे वळली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून. मी बोललो नाही.

गेल्या आठवड्यात ती ऑफिसात आली. घरी टपालानं आयकर खात्याचा सुनावणीचा कागद आला होता, आता वारस म्हणून तिच्या नावानं. "भाऊजी, हे पाहा ना. याच्यात माह्यं नाव काहून आलं?" तेव्हा मी सगळं सांगितलं. धान, खातं, माझ्या फोनवरच्या नोटिसा, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं टेबलावरचा कागद परत उचलून घेतला.

"त्यायले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बँकेतून आले त्याच दिवशी समजलं त्यायले, तुमच्या तोंडाकडे पाहून. मी म्हटलं, जाऊन विचारा भाऊजीले. तर म्हणे, काय विचारू? त्यानं बोट दाखवलं, पण बॉल तर माह्याच हातून सुटला." तिनं कागदाची घडी केली. "फोन करत होते ते तुमाले. बोलाचं होतं म्हणे. शिव्या द्यायले नाही... तुम्ही एकटे पडले असान म्हणून." मग दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते तर काही बोलले नाही कोणापाशी. आता तुम्ही बोला."

म्हणून बोलतो आहे. सुनावणीत शपथेवर हेच सांगणार आहे. त्यामुळे करुणावरचा बोजा किती हलका होईल, मला माहीत नाही. दोन मिलवाले मला समजावून गेले आहेत. एकानं समजावताना दार लावून घेतलं होतं. धानाचे सगळेच ढीग आता कोणीतरी मोजायला येईल, हे त्यांना कळतं, मलाही कळतं.

ऑफिसात खुर्चीमागे माझा जुना कॅचरचा ग्लोव्ह टांगलेला आहे. प्रशीलनं पहिल्या परदेशवारीहून नवा आणला होता, पण मी जुना काढू लागलो तर म्हणाला, हाच टांगून ठेव, याला माह्या बॉलची सवय आहे. खरंच आहे. चामड्यात मधोमध एक खळगा पडलाय, दुसरीकडे कुठेच नाही. तो इतका नेमका टाकायचा. त्या दिवशी करुणा ऑफिसातून निघून गेल्यावर मी ग्लोव्ह उतरवला, हात घातला आणि खुर्चीसमोर, फरशीवर, उकिडवा बसलो. गुडघे बोंबलले. टेबलावर फोन उजळत होता, कोणाची तरी नोटीस असेल. मी ग्लोव्ह समोर धरला, आणि दुसरा हात मांड्यांच्या आड नेला... एकही बोट उघडेना.