दशरथमामा आणि त्यांची उंटीण

गाडीला किक मारण्याआधी दशरथमामा उजव्या पायातली चप्पल काढायचे. एकच. ती आरशाच्या दांडीला अडकवायची, उघडा तळवा किकवर ठेवायचा, डोळे मिटून हळूहळू दाबत न्यायचं, कुठेतरी ती अडली की थांबायचं आणि मग एकच दणका. "चपलेला काय कलतं, सायब? इंजनाचा दम तलव्याला लागतो," असं म्हणायचे. पुढे बहुतेक वेळा चप्पल परत घालायला विसरायचे आणि ती आरशाला लोंबकळत ठेवून तसेच निघायचे. भिवंडीजवळच्या वळ गावात लांबून हलणारी चप्पल दिसली की लोक समजायचे, मामा आले.

मी वळच्या एका गोडाउनात सुपरवायझर म्हणून लागलो, त्याला आता सात वर्षं झाली. गोडाउनची जमीन मामांची. पण हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्याच दिवशी गल्लीत दोन ट्रेलर समोरासमोर अडकले, मागे टेम्पोंची रांग मानकोली नाक्याच्या दिशेने वाढत चालली, आणि मी घसा फोडून दोन्ही ड्रायव्हरांना शिव्या घालत उभा. तेवढ्यात शेताच्या बांधावरून टक्-टक्-टक् असा आवाज करत एक म्हातारा आला. धोतर नव्हे, हाफ पँट. डोक्यावर हेल्मेट, पायात एक चप्पल. आणि खाली गाडी अशी, की मी आधी हसलो आणि मग पाहिलं.

उंच, किडकिडीत, दोन्ही पाय जेमतेम जमिनीला लागावेत अशी. पुढचं मडगार्ड चाकाला सोडून वर गेलेलं. सायलेन्सर खालून न जाता इंजिनाला वळसा घालून वर, सीटच्या बगलेत. टाकीवरचं कंपनीचं नाव कधीच पुसलेलं. गावात तिला सगळे उंटीण म्हणत. मी म्हटलं, "मामा, सायकल ओढून लांब केली की काय?"

त्यांना राग आला नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नव्या कोऱ्या, जाडजूड, चकचकीत मोटरसायकलकडे त्यांनी बघितलं आणि विचारलं, "तुमच्या गाडीला उचलाया किती मानसं लागतात?"

"उचलायची कशाला?"

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि एका ट्रेलरला मागे घ्यायला लावून पाच मिनिटांत गल्ली मोकळी करून दिली.

त्या प्रश्नाचं उत्तर मला जुलैमध्ये मिळालं. मानकोलीला रस्ता तुंबलेला, मला उशीर झालेला, आणि मामा बांधावरून झपझप जाताना दिसले. मी म्हटलं, म्हातारा जातो तर मला काय धाड भरलीय? घातली गाडी त्यांच्या मागोमाग. पन्नास पावलांवर मागचं चाक चिखलात असं बसलं की सायलेन्सर दिसेना. गोडाउनातले माथाडी आले, दोरी लावली, हो-हो केलं. मामा बांधावर उंटिणीवर बसून शांतपणे बघत होते. गाडी बाहेर आली तेव्हा म्हणाले, "चार." बस्स, एवढंच. मला इतकी लाज वाटली की संध्याकाळी मी स्वतःच त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. तिथून आमची दोस्ती.

मामा जमीनदार झाले ते गोडाउनं आल्यावर. त्याआधी तीस वर्षं ते भिवंडीत लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ते रोग सांगत. तरुणपणी त्यांच्या सेठने जपानी मशीनं मागवली, ती बसवायला एक जपानी माणूस आला आणि येताना खोक्यांबरोबर स्वतःची ही गाडी घेऊन आला. त्याला हिंदी येईना, मामांना इंग्रजी येईना. "आमी दोगं पान्यानं बोलायचो," मामा सांगत. पाणी नव्हे, पाना. नट कसायचा पाना. वर्षभराने तो परत गेला तेव्हा गाडी मामांना देऊन गेला. सेठने कागद करून दिले. भिवंडीतल्या लोकांना वाटलं, जपान्याने भंगार टाकलं आणि दशरथने उचललं.

हिचे सुटे भाग जन्मात कुठे मिळणार नव्हते. पण जॉबर माणूस अडतोय थोडाच! किकचं रबर म्हणजे लूमचा बफर. सीट शिवलेली लूमच्या चामडी पट्ट्याने. क्लचच्या दांडीला मूठ बसवलेली ती मागावर सूत नेणाऱ्या जुन्या धोट्याच्या लाकडाची, हाताला इतकी गुळगुळीत लागायची की सोडवत नसे. "माग आनि गाडी, दोनी सारखीच. जोर केला तर तुटनार, कान दिला तर चालनार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोबद्दलही हेच बोलायचे आणि मामी आतून ओरडायच्या, "कान देता कवा तुमी?"

मामांचे गुडघे दुखायचे, म्हणून दर रविवारी ते अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर जात. एका रविवारी मला मागे बसवून घेतलं. हायवे सोडून शेतातून, ओढ्यातून, माळावरून. पहिली दहा मिनिटं मी त्यांचा शर्ट पकडून देवाचं नाव घेत होतो. एका दगडाळ चढाला ते ओरडले, "उभा ऱ्हा! पायावर उभा ऱ्हा! खाली तिला काय करायचं ते करू दे." मी उभा राहिलो आणि आईशप्पथ सांगतो, खाली दगडांवरून चाकं नाचत होती आणि वर आम्ही दोघे ओट्यावर उभे असल्यासारखे स्थिर. मला खदाखदा हसू फुटलं. चाळिशीचा माणूस मी, पोरासारखा हसत होतो.

कुंडात पाय सोडून बसल्यावर मामांनी ओल्या दगडावर बोटाने इंजिनाचं चित्र काढलं. एकच सिलिंडर, आणि त्यात वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, चार. दोन श्वास घ्यायला, दोन सोडायला. "तुज्या गाडीला किती?" मला माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधलं. दोन! माझी कालची, हिची पन्नास वर्षांपूर्वीची. शिवाय हिला बॅटरी मेली तरी फरक पडत नाही, किक मारली की चालू. मी म्हटलं, "मामा, ही तर चीज आहे! आणि लोक हसतात काय हिला!"

मामांनी ओल्या हाताने दगडावरचं चित्र पुसलं. मग म्हणाले, "ह्ये बोलनारा तू दुसरा. पयला तो जपानी."

मामांच्या मुलाचं नाव निलेश. चांगला मुलगा, अगदी मनापासून सांगतो. ट्रान्सपोर्टचा धंदा स्वतः उभा केलेला, आईबापांवर जीव टाकणारा. पण लहानपणी त्याला उंटिणीची भयंकर लाज वाटायची. शाळेतली पोरं चिडवायची. मामा त्याला शाळेपर्यंत न नेता गल्लीच्या तोंडाशीच उतरवायचे. निलेशला वाटायचं, बाबांना घाई असते.

दोन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांचा कुणी मुंबईचा जाणकार गोडाउनात माल बघायला आला. त्याने उंटीण पाहिली, गुडघ्यांवर बसून फोटो काढले आणि निलेशला तासभर तिची थोरवी ऐकवली. निलेश हरखला. मामांची पंचाहत्तरी तोंडावर होती आणि नवा बंगला बांधून होत आला होता. आता आमच्या भागात रीत अशी, की घराला ज्याचा अभिमान ते गेटवर चढवायचं. कुणाच्या गेटवर शर्यतीच्या बैलांची सिमेंटची जोडी, खाडीकडच्या एखाद्याच्या गेटवर होडी. निलेशने ठरवलं, आमच्या गेटवर बाबांची गाडी! सोनेरी रंग द्यायचा, इंजिनातलं तेल काढून टाकायचं आणि दोन्ही चाकं खालच्या पत्र्याला कायमची वेल्डिंग करायची.

मला कळलं तेव्हा मी तरातरा निलेशकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, बाबांचे गुडघे गेलेत. परवा ओढ्यात पडता पडता वाचले. मी नको म्हटलं तर ऐकतात का? वर चढली की ते पण सुखरूप, ती पण सुखरूप. आणि सगळा गाव मान वर करून बघेल. एवढी वर्षं हसले ना?" त्याचंही खरंच होतं.

मग मामांकडे गेलो. ते अंगणात फडकं घेऊन गाडी पुसत होते. मी म्हटलं, "मामा, बोला ना त्याला. एकदा वेल्डिंग झाली की संपलं सगळं."

"काय बोलू? पोरगा किती हौसंनं करतोय. त्याचा हिरमोड व्हईल रं."

"आणि तुमचा?"

"ती चालली तर गाडी, सायब. वर बसवली तर बैल." एवढं बोलून फडकं पिळायला लागले. फडकं कोरडं होतं.

पंचाहत्तरीचा दिवस. सत्यनारायण, मांडव, पाचशे पानं जेवायला. गेटच्या कमानीवर पत्रा ठोकून तयार, वेल्डिंगवाला मशीन घेऊन वर बसलेला. गाडी वर चढवायला हायड्रा आलेला, म्हणजे गोडाउनात माल उचलतात ती छोटी क्रेन. मामांनी अट घातली होती म्हणून रंग देणं आणि तेल काढणं नंतरवर टाकलं होतं. उंटिणीला झेंडूचे हार, टाकीवर हळदकुंकू. मामींनी ओवाळलं तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर जिला सवत म्हणत आल्या, तिला ओवाळत होत्या. पट्टे बांधले, हायड्राने घर्रर्र केलं आणि गाडी हातभर वर उचलली गेली. तिचं पुढचं चाक हवेत आपोआप फिरायला लागलं.

"रुको! खाली घे! नीचे, नीचे!" मामा ओरडले.

हायड्रावाला घाबरला. "क्या हुआ चाचा? पट्टा ढीला है क्या?"

"पट्टा बराबर हाय. मीच ढिला हाय." लोक हसले. गाडी खाली आली. मामांनी स्वतः पट्टे सोडले, गाडीवर बसले, किक मारली आणि निलेशला म्हणाले, "बस मागं."

निलेश पांढऱ्या झब्ब्यात, कपाळाला गंध. कानकोंडा होऊन म्हणाला, "बाबा, आत्ता? सगळे बघतायत."

"बगू दे. शालंत पन बगायची. म्हनून तर गल्लीच्या तोंडाशी उतरवीत व्हतो ना तुला?"

निलेशचा चेहरा मला बघवेना. "तुम्हाला माहीत होतं?" तो इतकं हळू बोलला की पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू आलं असेल.

"मना सगला म्हाईत व्हतं रं. राग न्हाय. पन तू हिच्यावर मनापासून एकदा पन बसला न्हायस. एक फेरी मार माज्यासंगं. मंग वर टांग, वेल्डिंग कर, सोन्याचं पानी दे, मी चकार शबूद काढनार न्हाय."

निलेश झब्बा सावरून मागे बसला. हार उडवत, टक्-टक्-टक् करत गाडी बांधावर चढली आणि दिसेनाशी झाली.

अर्धा तास झाला, तास झाला. भटजी घड्याळ बघायला लागले. आचारी येऊन दोनदा विचारून गेला. मामी म्हणाल्या, "पडली असतील दोगं कुटंतरी," आणि आत जाऊन देवापुढे बसल्या. मी गेटवर उभा. मीच तर बोला बोला म्हणून मामांच्या मागे लागलो होतो.

मग आवाज आला. बांधावरून गाडी उतरली तेव्हा आधी मी ओळखलंच नाही, कारण पुढे निलेश होता. पांढरा झब्बा छातीपर्यंत चिखलाने माखलेला, दात सगळे बाहेर. मामा मागे, दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यांना धरून. ओढ्यात गाडी बंद पडली होती, मामांचा गुडघा किकला उठेना, म्हणून निलेशला पुढे बसावं लागलं, हे सगळं नंतर कळलं. गाडी गेटपाशी आली, हायड्रावाला पट्टे घेऊन पुढे झाला, आणि निलेश त्याच्या बाजूने वळसा मारून सरळ निघून गेला. थांबलाच नाही! मागून मामा ओरडत होते, "अरं ब्रेक! अरं जेवान थंड व्हतंय, मेल्या!" पाचशे माणसं खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या फेरीला तो थांबला. उतरला, वर कमानीकडे बघितलं, वेल्डिंगवाल्याला हाताने खाली ये म्हणून खुणावलं. हायड्रावाल्याला म्हणाला, "भाई, खाना खाके जाना. आज काम नहीं है." मग मांडवात सर्वांसमोर, चिखलाच्या झब्ब्यासकट बापाला मिठी मारून हमसून हमसून रडला. भटजी म्हणाले, "अहो, आधी आंघोळ करा दोघे."

त्या दिवसानंतर मामांनी हँडल हातात धरलं नाही. निलेश दर रविवारी सगळे फोन बंद करून त्यांना मागे बसवतो आणि अकलोलीला नेतो. मागच्या आठवड्यात ते निघताना मी मामांना विचारलं, "एवढी पन्नास वर्षं जपलेली गाडी पोराच्या हातात दिलीत. चुकल्यासारखं वाटत नाही?"

मामांनी निलेशच्या खांद्यावर हात ठेवून नीट बैठक जमवली. "आरं, पन्नास वर्स रस्ता बगत चालवली," ते म्हणाले. "आता पोराला बगतोय."